राखलेलं रान

गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटर गेलं की रस्ता टॅमलपाइस डोंगराच्या अंगावर चढतो आणि मग एकामागून एक वळणं घेत एका अरुंद घळीत उतरू लागतो. वर टेकड्यांवर जुलैचं कडक ऊन होतं, गवत वाळून पिवळं पडलेलं. इथला ऋतूंचा हिशेब आपल्या उलटा. पाऊस पडायचा तो नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळाभर आभाळातून थेंब नाही. तरीही घळीत उतरता उतरता गाडीची काच ओलसर झाली आणि गारठा जाणवू लागला. निघताना भाच्यानं "मामा, स्वेटर घ्या बरं का" म्हणून का बजावलं होतं, ते आता कळलं. उन्हाळ्यात समुद्रावरचं धुकं या घळीत शिरतं. म्यूर वूड्सचं जुनं रान त्या धुक्यावर जगतं.

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या मराठी आईवडिलांच्या फोटोंत हे जंगल हमखास असतं. प्रचंड बुंधा आणि त्याच्या पायाशी दोन छोटी माणसं. वाट सोपी आहे, हे त्याचं एक कारण. रेडवूड क्रीक नावाच्या ओढ्याच्या एका काठानं वर जायचं, पूल ओलांडायचा आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. असे चार पूल आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेले दुसऱ्या पुलावरून वळतात, बाकीचे तिसऱ्यावरून. आम्ही चौथ्यापर्यंत जाऊन परतताना डोंगराच्या कडेची वाट धरली. सगळं मिळून तीन-सव्वातीन किलोमीटर. सह्याद्रीत चाललेल्या माणसानं याला ट्रेक म्हणू नये.

सुरुवातीलाच एका पडलेल्या झाडाचा आडवा काप मांडून ठेवला आहे. झाड रुजलं इसवी सन ९०९ च्या सुमारास, पडलं १९३० मध्ये. वर्षवलयांवर इतिहासातल्या घटनांच्या खुणा लावल्या आहेत. त्या अर्थातच अमेरिकेच्या आणि युरोपच्या, म्हणून मी मनातल्या मनात आपल्या लावून पाहिल्या. झाड रुजलं तेव्हा राष्ट्रकूटांचा दुसरा कृष्ण गादीवर होता आणि वेरूळचं कैलास कोरून शंभरावर वर्षं उलटली होती. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा झाड चारशेच्या घरात होतं. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा त्यानं साडेसातशे ओलांडले होते. भाचा म्हणाला, "म्हणजे आपला सगळा इतिहास एका झाडात बसला." सगळा नाही, पण मराठीत लिहिलं गेलेलं जवळजवळ सगळं बसतं.

पुढे लाकडी फळ्यांची वाट लागते. फळ्या येणाऱ्यांच्या सोयीसाठी घातल्या असतील असं वाटतं, पण त्या मुख्यतः मुळांसाठी आहेत. इतक्या उंच झाडाला सोटमूळ नसतं. मुळं जमिनीत दोन-तीन मीटरच जातात आणि आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वर्षानुवर्षं हजारो पावलांनी माती दाबली गेली की या उथळ मुळांना हवा आणि पाणी मिळेनासं होतं. म्हणून माणसांना जमिनीच्या वर उचललं आहे.

ही झाडं कोस्ट रेडवूडची, जगातल्या सर्वांत उंच वाढणाऱ्या झाडाची जात. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडे हायपेरियन नावाचं एक झाड ११५ मीटरच्या वर गेलं आहे. म्यूर वूड्समधलं सर्वांत उंच त्यापेक्षा बरंच ठेंगणं, ७९ मीटरच्या आसपास. इथल्या बहुतेक जुन्या झाडांचं वय पाचशे ते आठशे वर्षं, सर्वांत जुनं बाराशेच्या घरातलं मानलं जातं. एवढ्या झाडाचं बी टोमॅटोच्या बीएवढं असतं. पण बियांवर हे झाड फारसं विसंबून नसतं. बुंध्याच्या तळाशी गाठीगाठींचा फुगवटा असतो, त्यात कोंब झोपलेले असतात. झाड पडलं, तुटलं किंवा जळलं की ते कोंब जागे होतात आणि जुन्या बुंध्याभोवती रिंगण धरून नवी झाडं उठतात. वाटेत अशी रिंगणं जागोजागी दिसतात. मधली आई केव्हाच कुजून गेलेली, लेकरं मात्र पाच-सहाशे वर्षांची आणि अंगानं तीच, कारण एकाच गाठीतून फुटलेली. या रानात झाडांची नेमकी संख्या विचारली, तर आधी झाड म्हणजे काय ते ठरवावं लागेल.

साल हाताएवढी जाड होते, तंतुमय आणि तांबूस. तिच्यात राळ जवळजवळ नसते, टॅनिन भरपूर. त्यामुळे आग सहज धरत नाही, वाळवी लागत नाही, लाकूड कुजत नाही. कितीतरी बुंध्यांच्या पोटात आगीनं कोरलेल्या काळ्या ढोल्या आहेत आणि वर झाड हिरवंगार. या टॅनिनचाच आणखी एक परिणाम मला चकित करून गेला. रान विलक्षण शांत आहे. कीटक कमी म्हणून पक्षी कमी. भीमाशंकरच्या जंगलात सतत काहीतरी किरकिरत, शिट्टी घालत असतं. इथे त्यातलं काही नाही. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं मला हे जंगल गरीब वाटलं. फुलं नाहीत, वेली नाहीत, खाली फक्त नेचे आणि एक तीन पानांची हिरवी वनस्पती. वाकून पाहिलं तर ती आपल्या आंबोशीची मोठी बहीण निघाली. सावलीत पानं पसरून बसते आणि उन्हाचा कवडसा अंगावर आला की काही मिनिटांत छत्री मिटावी तशी पानं खाली मिटून घेते. एवढ्या सावलीला सरावलेल्या रोपाला ऊन सोसत नाही.

गरिबीचा माझा समज वर पाहिल्यावर गेला. या जंगलाचा सगळा संसार वर आहे. शेंड्यांत धुकं अडतं, पानांवर त्याचे थेंब होतात आणि ते खाली टपकतात. आम्ही चालत होतो तेव्हा वर पाऊस नव्हता, तरी फळ्या ओल्या होत्या. बर्कलीच्या टॉड डॉसन यांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं की रेडवूडच्या रानाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्याचं असतं. म्हणजे पाऊसकाळ नसताना झाड स्वतःपुरता पाऊस पाडून घेतं, त्यावर खालचे नेचे आणि आंबोशीही जगतात. हे धुकं किनाऱ्यालाच मिळतं, म्हणून या झाडाचा सारा पट्टाही किनाऱ्यालगतचा, चिंचोळा.

तो पट्टा एकेकाळी सुमारे वीस लाख एकरांचा होता. १८४९ च्या सोन्याच्या झुंबडीनंतर सॅन फ्रान्सिस्को वाढू लागलं आणि या न कुजणाऱ्या लाकडाला भाव आला. घरं, रेल्वेचे स्लीपर, पाण्याच्या टाक्या, दारूची पिंपं, सगळं रेडवूडचं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहर भस्मसात झालं, ते पुन्हा उभं राहिलं तेही याच लाकडावर. आज जुन्या रानाचा जेमतेम पाच टक्के भाग उरला आहे. ही घळ वाचली ती आधी आपल्या अडचणीच्या जागेमुळे. उतार तीव्र, ओढा उथळ, ओंडके समुद्रापर्यंत वाहून नेण्याची सोय नाही. पुढे ती शिकारीची राखीव जागा झाली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडचण हे संरक्षण पुरेना. १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या स्त्रियांच्या क्लबांनी घळ विकत घेण्यासाठी निधी उभारायचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. १९०५ मध्ये विल्यम केंट नावाच्या श्रीमंत जमीनदारानं कर्ज काढून ६११ एकर ४५,००० डॉलरना घेतले. बायकोनं पैशाची चिंता बोलून दाखवली, तर सगळं गमावून झाडं वाचली तरी सौदा वाईट नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला, असं सांगतात.

इथून पुढची कथा महाराष्ट्रात ओळखीची वाटावी. १९०७ मध्ये एका पाणी कंपनीनं या घळीत धरण बांधायचं ठरवलं आणि लोकहितासाठी भूसंपादनाचा दावा लावला. मुळशीपासून आपण अशा दाव्यांचा शेवट कसा होतो ते पाहत आलो आहोत. फरक इतकाच की इथे जमीन जाणार होती ती श्रीमंताची, आणि त्याची वॉशिंग्टनमध्ये ओळख होती. केंटनं २९५ एकर सरळ केंद्र सरकारला दान केले. सरकारी जमिनीवर कंपनीचा दावा चालत नाही. १९०६ मध्येच एक कायदा झाला होता, प्राचीन अवशेषांच्या रक्षणासाठी. त्यात शास्त्रीय महत्त्वाच्या वस्तू राखायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता आणि काँग्रेसची मंजुरी लागत नव्हती. थिओडोर रूझवेल्टनं ९ जानेवारी १९०८ रोजी उभं जंगल राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलं. खाजगी दानातून झालेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक. रूझवेल्टला त्याला केंटचं नाव द्यायचं होतं. केंटनं कळवलं की नाव चालवायला मला पाच मुलगे आहेत. निसर्गाचा कैवारी जॉन म्यूर याचं नाव द्या.

दान निर्मळ होतं आणि हिशेबीही. डोंगरावर १८९६ पासून एक नागमोडी रेल्वे चालत होती, २८१ वळणांची. तिची एक फांदी १९०७ मध्ये या जंगलाकडे आली. नेरळहून माथेरानला गाडी सुरू झाली तेही त्याच वर्षी. इथली गंमत म्हणजे उतरताना इंजिन नसे. उघडे डबे नुसत्या उतारावर सोडायचे आणि एक माणूस ब्रेक धरून बसायचा. त्या रेल्वेत केंटचे पैसे गुंतलेले होते. १९२९ च्या वणव्यानं आणि मोटारींनी ती संपवली. आता तिच्या मार्गावर लोक पायी चालतात. दानात असा हिशेबही असावा, यात मला काही वावगं वाटत नाही. देवराईत पान न तोडण्यामागे देवाची भीती असते, गावाचा मानही असतो आणि ओढ्याला उन्हाळ्यात पाणी राहतं हा व्यवहारही असतो.

कथीड्रल ग्रोव्ह या भागात पाटी आहे: शांतता राखा. आश्चर्य म्हणजे लोक राखतात. पाटीनं खरंच आवाज कमी होतो का, याचाही इथे मोजमाप करून अभ्यास झाला आणि होतो असं निघालं. आमच्यापुढे एक पंधरा-वीस जणांचा गुजराती परिवार होता, आजीबाईंपासून तान्ह्या बाळापर्यंत. सगळे पाटीपाशी गप्प झाले, ते पार पुढच्या वळणापर्यंत. याच ठिकाणी १९ मे १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले प्रतिनिधी आले होते. फ्रँकलिन रूझवेल्ट महिनाभरापूर्वी, १२ एप्रिलला वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ इथे पाटी बसवली. त्या परिषदेत हिंदुस्थानच्या वतीनं बसले होते ब्रिटिश सरकारनं नेमलेले रामस्वामी मुदलियार आणि त्यांचे सहकारी. हे आमचे प्रतिनिधी नव्हेत, असं बाहेर सभांमधून सांगत फिरत होत्या विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे पती, मराठी बॅरिस्टर रणजित पंडित, वर्षभरापूर्वीच तुरुंगातल्या आजारपणानं खचून गेले होते. मोठमोठ्या झाडांखालच्या त्या सभेचे फोटो सुरेख आहेत. त्यांत कोण नाही, हेही पाहायला हवं.

तेच केंटच्याही बाबतीत. थोडं पुढे एका बाजूच्या ओढ्यापाशी त्याचं स्मारक आहे, नुसता एक दगड. त्याचं आवडतं झाड इथे होतं, आणि ते रेडवूड नव्हतंच, डग्लस फर होतं. पुढे ते कोसळलं. उचललं नाही, तसंच राहू दिलं आहे. केंट पुढे संसदेत गेला आणि अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा ज्या १९१६ च्या कायद्यानं स्थापन झाली, तो मांडणाऱ्यांत होता. पण १९१३ मध्ये योसेमिटीतलं हेच हेची खोरं धरणाखाली बुडवायच्या बाजूनंही तोच उभा राहिला. ज्या म्यूरचं नाव त्यानं या घळीला दिलं, तो म्यूर ते खोरं वाचवण्यासाठी अखेरपर्यंत झगडला आणि पुढच्याच वर्षी वारला. सॅन फ्रान्सिस्को आजही त्या धरणाचं पाणी पितं. भाच्याच्या सनीवेलमधल्या नळालाही त्यातलं काही येतं.

आणि केंटनं निवडणुकांत आशियाई लोकांविरुद्ध उघड प्रचार केला. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं, नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या आशियाई माणसांना शेतजमीन घ्यायला बंदी झाली. पुढे हिंदुस्थानी शेतकरीही तिच्या कचाट्यात आले. याच डोंगराच्या पलीकडे, सॅन राफेल गावात, १९१० च्या आसपास वर्ध्याचा एक तरुण माउंट टॅमलपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेत होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे. पुढे ते गदर पक्षाच्या संस्थापकांत आले आणि अखेर मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नाव काढलं. सुट्टीच्या दिवशी ते या रानात आले असतील का, याची कुठे नोंद मला सापडली नाही. पण घळीच्या कडेवर उभं राहून डोंगराचा माथा पाहताना माझ्या मनात केंटपेक्षा तेच जास्त होते.

२०२१ मध्ये इथल्या कर्मचाऱ्यांनी जंगल वाचवण्याच्या इतिहासाच्या फलकावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारख्या नोंदी जोडल्या होत्या. केंटच्या वंशवादाची, १९०४ च्या स्त्रियांची आणि या भूमीचे मूळ रहिवासी कोस्ट मिवोक यांची. जुना मजकूर न पुसता त्यावर भर घालायची ती पद्धत मला आवडली होती. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारी आदेशानंतर त्या काढण्यात आल्या. आम्ही गेलो तेव्हा फलक पुन्हा गुळगुळीत होता.

मिवोक लोकांची एक गोष्ट मात्र फलकावर नसली तरी झाडांवर दिसते. चौथ्या पुलानंतर वाट डोंगराच्या कडेनं जाते, ओढा खाली राहतो आणि बुंधे मधल्या उंचीवरून दिसतात. काळ्या ढोल्या इथून जास्त नजरेत भरतात. मिवोक ठरावीक काळानं रान हलकंसं जाळत. खालचा पालापाचोळा जाई, नवं गवत फुटे, जाड सालीच्या झाडांना काही होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथे मोठी आग लागलेली नाही. शंभर वर्षं आग म्हणजे शत्रू मानून राखण झाली आणि तळाला वाळका कचरा साठत गेला. आता उद्यानाचेच लोक अधूनमधून ठरवून आग लावतात. टॅनओक नावाची ओकसारखी झाडं दुसऱ्याच संकटात सापडली आहेत. १९९५ च्या सुमारास याच मरीन काउंटीत पहिल्यांदा दिसलेल्या एका बुरशीसारख्या रोगानं ती उभीच्या उभी वाळतात. मरीनच्या टेकड्यांवर मधूनच करडे सांगाडे दिसतात ते त्यांचे. रोगाचे बीजाणू बुटांच्या चिखलातूनही पसरतात.

कडेची वाट दुसऱ्या पुलापाशी उतरते आणि पलीकडच्या काठानं परतताना बोहेमियन ग्रोव्ह लागतं. १८९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोहेमियन क्लबच्या मंडळींनी इथे तळ ठोकला होता. त्यासाठी त्यांनी जपानमधल्या कामाकुराच्या बुद्धाची प्लॅस्टरची प्रतिकृती उभारली, वीस मीटरच्या वर उंचीची. रात्रभर थंडीनं कुडकुडल्यावर ही जागा त्यांना नकोशी झाली आणि क्लब आपला बाडबिस्तरा घेऊन अधिक उबदार रानाकडे गेला. बुद्ध मात्र काही वर्षं पावसात विरघळत बसून राहिला. आता तिथे एक मोकळा गोल आणि नाव, एवढंच उरलं आहे.

शेवटच्या टप्प्यावर ओढा अगदी जवळ येतो आणि त्यात ओंडके पडलेले दिसतात, मुळांच्या जटांसकट. मला वाटलं वादळानं पाडले. पण ते आणून टाकलेले आहेत. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात बेकार तरुणांच्या तुकड्यांनी हा ओढा दगडांनी बांधून काढला, काठ खचू नयेत म्हणून. काम चोख होतं आणि ओढा नळीसारखा सरळ वाहू लागला. कोहो जातीचे सॅमन मासे मात्र त्यातून हळूहळू नाहीसे होऊ लागले. हे मासे हिवाळ्यात समुद्रातून या ओढ्यात येतात, अंडी घालतात आणि मरतात. पिल्लांना पहिलं वर्ष-दीड वर्ष काढायला संथ, सावलीचे डोह लागतात, आणि डोह तयार होतात ते पडलेल्या झाडांमागे. म्हणून २०१९ पासून यंत्रं आणून ते दगड उपसले गेले आणि ओंडके पुन्हा ओढ्यात रचले गेले. 'अस्पर्श' म्हणून ज्याचे फोटो काढले जातात, त्या ओढ्यावर गेल्या शंभर वर्षांत दोनदा इंजिनिअर बसले, एकदा बांधायला आणि एकदा बांधलेलं उकलायला.

ओढ्याबरोबर आम्हीही समुद्राकडे उतरलो. म्यूर बीचच्या अलीकडे, शेजारच्या खोऱ्यात, रस्त्याला लागून हिरवे वाफे दिसले. हे ग्रीन गल्च. पोलरॉइड कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉर्ज व्हीलराइट, यांचं हे गुरांचं रान होतं. १९७२ पासून तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन पंथीयांचा मठ आणि शेती आहे. बोहेमियन क्लबचा बुद्ध आणि केंटची भाषणं इतिहासजमा झाली. दरम्यान दोन-तीन मैलांवर आशियातून आलेला एक पंथ लेट्यूस पिकवून शहरातल्या स्वतःच्या शाकाहारी उपाहारगृहाला भाजी पुरवू लागला. भाचा म्हणाला, "मामा, रविवारी इथं प्रवचनही असतं. यायचं?" मी म्हटलं, आधी त्या उपाहारगृहात जेवू, मग ठरवू.